डबा सरकवायचा, झाकण उघडायचं नाही

नातीनं पुण्यातली नोकरी सोडली आणि बेलापूरला घरी येऊन खेळ करायला बसली. खेळायला नव्हे, करायला. लोक लाडू करतात, गोधडी करतात, ही खेळ करणार. मी तिसरी शिकलेला माणूस. पण खेळसुद्धा कुणीतरी बसून करावा लागतो, हे मला म्हातारपणी कळलं. आम्ही बाभळीच्या फांदीची विटी केली होती. विटीदांडूचा खेळ आमच्या आधीपासून होताच.

तिचा बाप, म्हणजे माझा लेक, पतसंस्थेत कारकून आहे. दुसऱ्यांच्या सह्या खऱ्या का खोट्या हे बघता बघता त्याची नजरच तशी झाली आहे. जेवताना भाकरीकडंसुद्धा संशयानं बघतो. त्यानं पोरीला सांगितलं, "दिवाळीपर्यंत तुझं काय ते कर. तोवर कुणी तुझा खेळ घेतला तर घेतला. न्हाई तर आमच्याकडं जागा निघतीय, तिथं मुकाट येऊन बसायचं."

पोरगी म्हणाली, "चालेल."

मला दोघांचाही राग आला. त्याचा, कारण माझ्या घरात मला न विचारता मुदती घालतो. तिचा, कारण इतक्या पटकन चालेल म्हणाली.

खेळ घेणार होती पुण्यातलीच एक कंपनी. खोक्यातले खेळ छापून विकतात म्हणे. त्यांनी हिला सांगितलं होतं, असले खेळ कॉलेजातली रिकामी पोरं रात्र रात्र बसून खेळतात, ते आमच्याकडं आहेत. आम्हाला कामाच्या माणसाला खेळता येईल असा पाहिजे. ज्याला वेळ नाही, ज्यानं असलं कधी बघितलेलं नाही, त्याला. करून दाखव, आम्ही बघायला येऊ.

खेळ कसा, तर टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. तू चोर, तू राजा, तू वैदीण. सांगणारा म्हणतो, पुढं नदी लागली, काय करता? मग ज्यानं त्यानं आपलं ठरवायचं. पोहतो, होडी पळवतो, माघारी फिरतो. जमलं का फसलं ते फासा टाकून बघायचं. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, नुसती गोष्ट पुढं जाते. थोडक्यात, मोठ्या माणसांनी अंगणातल्या पोरांसारखं करायचं आणि लाज वाटू नये म्हणून त्याला इंग्रजी नाव द्यायचं.

तिनं पहिल्यांदा केला तेव्हा नियमांचंच एक पुस्तक झालं होतं, चांगलं उशाला घेण्याजोगं. फासे होते खडीसाखरेच्या खड्यांसारखे, नाना कोनांचे. एका रविवारी तिनं घरच्यांना बसवलं. लेकानं प्रत्येक नियमाला "कशावरून?" विचारलं आणि मग बसल्या जागी झोपला. सून कुकरच्या शिट्टीला उठली ती परत आलीच नाही. मी बसलो नव्हतोच. मी दारातून म्हणालो, "गोष्ट कवा सुरू व्हती?"

"आबा, अजून पात्रं तयार व्हायचीत," ती म्हणाली.

"मग मी पडतो जरा. राक्षस आला की उठव."

ती रडली नाही. तेवढं एक तिच्यात माझं आहे. दुसऱ्या दिवशी ती गिरणीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, घाईतली माणसं कुठं भेटतात ते मला कळलं. इथं."

घाईतली माणसं! या जातीविषयी मला एकदा बोलायचंच होतं. उभा जन्म मी पिठाच्या गिरणीत काढला. पूर्वी बाई दळण घेऊन आली की बसायची, दळण व्हायचं, पीठ चिमटीत घेऊन बघायची, जायची. आता येणारा प्रत्येक जण दारातूनच ओरडतो, "आबा, लई घाई हाय." कसली घाई, तर त्यालाही माहीत नसतं. डबा ठेवतो आणि समोरच्या कट्ट्यावर मोबाईल घासत बसतो. दळण होऊन थंड होतं तरी याचं डोकं वर येत नाही. मी सांगतो, ज्याला खरंच वेळ नाही तो बोलत नाही. तो डबा ठेवून निघून जातो. माझी सून तशी आहे. घरचं सगळं उरकून आता गिरणीही बरीचशी तीच चालवते, आणि तिच्या तोंडून मी घाई हा शब्द ऐकलेला नाही.

गिरणीत डब्यांची लाईन असते. माणसांची नसते. तुमचा डबा भिंतीशी ठेवला की तुमचा नंबर लागला. मग तुम्ही बाजारात जा, दवाखान्यात जा, झोपा काढा. पुढचं दळण झालं की मागचा जो कुणी हजर असेल तो आपला डबा पायानं पुढं सरकवतो आणि मधला तुमचाही सरकवतो. मात्र झाकणाला कुणी हात लावत नाही. तुमचे गहू आहेत, का ज्वारी आहे, का नुसता रिकामा डबा ठेवून नंबर लावलाय, हे बघायचा अधिकार कुणाला नाही. हे कुणी लिहिलेलं नाही. माझ्या बापाच्या गिरणीतही असंच होतं.

पोरीनं कोपऱ्यात टेबल टाकलं. टेबलावर तिनं पुण्याहून आणलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्या मांडल्या. मी मोटार चालू केली. चक्की फिरली की आमची जमीन थरथरते, तिच्याबरोबर टेबल थरथरलं, आणि राजा, वैदीण, चोर सगळे नाचत नाचत कडेला गेले आणि खाली पडले. फासेही एका जागी ठरेनात. मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

समोरच्या दुकानातले शिंपी चाचा हे बघत होते. ते आणि मी एका वयाचे. आमचं एकमेकांशी कधी पटलेलं नाही, म्हणून रोज भेटतो. त्यांनी बटणांचा डबा आणला आणि म्हणाले, "बेटी, ये ले. चपटं बटण सरकंल, पन पडनार न्हाई. गिरनीवाल्याचं काय ऐकती? त्याचं पीठबी जाडच असतं."

"तुमच्या शिलाईपरीस सरळ असतं," मी म्हणालो.

फाशांच्या जागी सुनेनं चिंचोके फोडून दिले. अर्धा चिंचोका एका बाजूनं पांढरा, एका बाजूनं काळा. मूठभर टाकायचे, पांढरे जास्त पडले तर जमलं, काळे पडले तर फसलं. पोरीनं ते घेतलं आणि खडीसाखर पिशवीत घातली. पुस्तकही पातळ होत चाललं. शेवटी ती म्हणाली, चक्कीच्या पेटीत एक डबा ओतेपर्यंत जेवढं सांगून होईल तेवढेच नियम ठेवायचे. मी मुद्दाम भराभर ओतायचो. तीही तेवढ्यात सांगून टाकायची.

गोष्ट अशी होती की गावच्या देवीची घंटा चोरीला गेली, ती डोंगरापलीकडच्या किल्ल्यातून परत आणायची. खेळायला तिला तिघं मिळाली. एक चाचा. एक गल्लीत राहणारी एसटीतली कंडक्टर बाई, ती ड्युटीवर जाता येता दळण टाकते. आणि माझी सून, हातातलं काम न सोडता.

"मी चोर हुनार," कंडक्टर बाई म्हणाली. "रोज बिनतिकिटाचे पकडून कटाळा आला. एकदा आपनच फुकट जाऊन बघू."

चाचा म्हणाले, "मी राजा. सगळ्या गावाची मापं घेतली, आता माझं कुनीतरी घ्या."

पोरीनं आईला विचारलं, "आई, तू कोण?"

"जिला संध्याकाळचा सैपाक न्हाई ती कोनबी."

तिला जोगीण केलं.

मी पोत्यावर बसून हे सगळं ऐकत होतो. आवडलं असं कुणी समजू नये. राजा नदीपाशी आला तर म्हणे पाण्यात उतरणार नाही, सलवार भिजेल. जोगीण म्हणाली, "थांबा, एवढा बाजरीचा डबा ओतते, मग मंतर म्हनते." चोरानं होडीवाल्याला गंडवलं, ते मात्र बाईनं अशा काही आवाजात केलं की बाहेर बसलेल्यांनी मोबाईलमधून डोकी काढली. मोठी माणसं, पोरंबाळं असलेली, आणि होडी नसताना होडीत बसून डुलत होती. माझ्या बापानं बघितलं असतं तर गिरणी बंद केली असती.

तेवढ्यात बाईचं दळण झालं. ती उठली. "चलते, गाडी लागली असंल."

पोरगी म्हणाली, "काकू, मग तुमचा चोर इथंच नदीकाठी झोपला. तुम्ही याल तेव्हा उठेल." हा तिच्या पुस्तकातला नियम होता. जो उठून गेला त्याचं पात्र तिथंच झोपतं आणि पुढच्या खेपेला त्यानं धावत येऊन बाकीच्यांना गाठायचं.

दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा तिचं बटण नदीकाठी नव्हतं. ते बाकीच्या दोघांबरोबर डोंगराच्या पायथ्याशी होतं.

"हे कोणी हलवलं?" पोरीनं विचारलं.

सून पिठाचे हात झटकत म्हणाली, "मी. आमी पुढं गेलो, तवा तिचंबी सरकवलं."

"आई, असा नियम नाहीये! ती झोपलेली आहे."

"मंग काय रानात टाकून जायाचं व्हय तिला? तिचा नंबर हुता."

चाचा म्हणाले, "बरोबर हाय. मी सोता बघितलं, तिनं नुसतं सरकवलं. चोराच्या झोळीला हात लावला न्हाई."

"हात लावून तर बघा," कंडक्टर बाई म्हणाली.

मग पोरीनं एकामागून एक प्रश्न काढले, आणि मला कबूल करावं लागेल की प्रश्न बरोबर होते. जो हजर नाही त्याला वाटेत वाघानं धरलं तर? त्याच्या हुन्नराचा उपयोग बाकीच्यांनी करायचा का? वाटेत काही घबाड सापडलं तर त्यात त्याचा वाटा किती? गिरणीच्या रिवाजात याचं उत्तर नव्हतं. डब्याला वाघ धरत नाही. दोन दिवस पोरगी टेबलाशी एकटीच चिंचोके टाकत बसली, आणि तिनंच ते बसवलं. गेलेला माणूस सगळ्यांबरोबर पुढं सरकतो, त्याला इजा होत नाही, त्याचं काही खर्च होत नाही. पण त्याच्या पाठीमागं जे मिळालं त्यात त्याला वाटाही नाही. आणि टेबलाशी सरकवायला, गोष्ट सांगणारा सोडून, कुणीतरी एक जण हजर पाहिजे. कुणीच नसलं तर घंटा गेली, खेळ संपला.

कंडक्टर बाई वाट्यावरून तावातावानं भांडली आणि मग मानली. त्यानंतर खेळ चालला. कुणी यायचं, कुणी जायचं, बटणं पुढं जायची. भाजीवाली एका दळणापुरती वैदू होऊन गेली. मी माझी चक्की बघत होतो. कुणी बोलावलं तर म्हणायचो, "मला कामं हाईत." पोरीनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग सोडून दिलं. तिनं सोडून दिलं याचाही मला राग आला, पण ते असो.

पुण्याची माणसं आली ती दिवाळीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी. हा दिवस पोरीनंच निवडला होता. गिरणीत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. चकलीची भाजणी, बेसनाची डाळ, अनारशाचे तांदूळ, डब्यांची लाईन पार रस्त्यापर्यंत. मी तिला म्हणालो होतो, "अगं, जरा निवांत दिवशी बोलाव." तर म्हणे, निवांत दिवशी काय दाखवू? या पोरीला अक्कल आहे का नाही हे मला कधीच ठरवता आलेलं नाही.

आले दोघं. एक दाढीवाला, एक बाई. दाढीवाल्यानं गिरणीत शिरताच रुमाल नाकाला लावला, जसं काही आम्ही तिखटच दळतो. आल्या आल्या म्हणाला, "आम्हाला फार वेळ नाहीये, संध्याकाळी मीटिंग आहे." मी मनात म्हटलं, बस, आलास तू आमच्या गिऱ्हाइकांत. बाई पोत्यावर बसली. पोतं डाळीचं आहे का पिठाचं हे बघितलंसुद्धा नाही. काळ्या साडीवर पांढरा ठसा घेऊन ती शेवटपर्यंत वावरली आणि कुणी तिला सांगितलं नाही.

खेळ चांगला लागला. तिघंही हजर होती, किल्ल्याचा दरवाजा समोर आला होता. एवढ्यात कंडक्टर बाईचा फोन वाजला. डेपोतून होता, दिवाळीची जादा गाडी काढली होती. ती "सरकवा गं मला" म्हणत गेलीच. मग चाचांच्या दुकानापुढं एक बाई ब्लाऊजसाठी भांडायला उभी राहिली, राजा रस्ता ओलांडून पळाला. सून तर भाजणीच्या डब्यांनी घेरली होती, तिला मान वर करायला सवड नव्हती. टेबलाशी राहिली माझी नात, आणि तीन बटणं.

दाढीवाल्यानं घड्याळ बघितलं. "म्हणजे आता संपला का?"

"नाही," पोरगी म्हणाली. "कोणीतरी येईल सरकवायला."

ती माझ्याकडं बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. चिंचोके मुठीत धरून ती दाराकडं बघत बसली. बाहेर मोबाईल घासणारे ढीगभर होते. एकही उठला नाही. रिकामटेकडे.

मी सदऱ्याचं वरचं बटण ओढून तोडलं आणि टेबलावर टाकलं.

"सरक," मी दाढीवाल्याला म्हणालो. "माझी जागा हाय ती."

पोरीचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. "आबा, तुम्ही कोण?"

"गिरनीवाला."

दाढीवाला हसला. "आजोबा, खेळात कोण, असं विचारतीये ती."

"खेळातबी गिरनीवालाच. मला काय दुसऱ्या जन्माची हौस न्हाई." बाकीची तीन बटणं मी माझ्या बटणाबरोबर दरवाजापाशी सरकवली. "बोल पुढं."

"दरवाजावर पहारेकरी आहे," ती म्हणाली. "तो विचारतो, कोण तुम्ही? काय काम?"

"त्याला म्हनावं, तुझ्या किल्ल्यात शिपाई काय दगड खातात का? दळन आनलंय. दार उघड, न्हाई तर उद्या उपाशी ऱ्हा."

पोत्यावरची बाई पुढं सरसावून बसली. मला वाटलं, झालं, दार उघडलं. पण पोरीनं चिंचोके माझ्यापुढं केले. "टाका, आबा."

"टाकायचं काय त्यात? बरोबर बोललो मी."

"बरोबरच बोललात. पण तो फसला का नाही ते बघायला पाहिजे."

टाकले. सगळे काळे. एक नाही पांढरा!

"पहारेकऱ्यानं तुम्हाला कोठडीत टाकलं."

"माझ्या गिरनीत मलाच कोंडतीस व्हय?"

"पडलं ते पडलं, आबा."

बाहेरचे हसले. मी आता या पहारेकऱ्याचं काय करतो ते तिला सांगणारच होतो, तेवढ्यात चक्कीचा आवाज फिरला. पेटी रिकामी झाली होती आणि दगडावर दगड घासत होता. सून बाहेर कुणाचा तरी डबा शोधत होती. गिरणीवाल्याला हा आवाज ऐकून बसवत नाही. मी उठलो, दळण ओतलं, नंतरचं ओतलं, एका बाईनं बेसन जाड आलं म्हणून वाद घातला तो निस्तरला. ध्यानात आलं तेव्हा बराच वेळ गेला होता. टेबलाशी कुणी नव्हतं म्हणजे खेळ संपला असणार. माझ्यामुळं.

वळून बघितलं तर पुण्याची बाई माझ्या जागेवर बसली होती. कानातलं काढून तिनं टेबलावर ठेवलं होतं, बटण म्हणून. माझं बटण कोठडीतून बाहेर होतं. चोर, राजा, जोगीण आणि मी, चौघांना तिनं ओळीनं बुरुजाखाली नेलं होतं. वाकडंतिकडं सरकवलं होतं, पण सरकवलं होतं. दाढीवाला म्हणत होता, "निघायचं ना? मीटिंग..." आणि ती त्याच्याकडं न बघता पोरीला विचारत होती, "थांब, त्या बुरुजाला खिडकी आहे का?"

घंटा त्या दिवशी मिळाली नाही. ती दोघं अंधार पडायच्या आत गेली. दिवाळीनंतर कळवतो म्हणाली.

रात्री जेवताना लेक म्हणाला, "कळवतो म्हंजे न्हाई. मी रोज म्हनतो लोकांना कळवतो. दिवाळी आलीच हाय. पाडवा झाला की तिकडं येऊन बस."

पोरगी ताटात बघत होती. चालेल म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी पाण्याचा तांब्या खाली आपटला.

"तिचा डबा लायनीत हाय," मी म्हणालो.

"आबा, त्यो गिरनीचा कायदा झाला."

"घर कुनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग इथंबी त्योच. नंबर येईस्तोवर तिचा डबा पुढं सरकवायचा. झाकनाला हात लावायचा न्हाई. तू न्हाई, मी न्हाई, कुनी न्हाई. पतसंस्थेत दुसरं कुनीबी बसंल."

लेकानं सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "मामा म्हनत्यात त्ये बरोबर हाय," आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली. तो ती संशयानं बघत खाऊ लागला.

दिवाळी होऊन गेली. पुण्याहून अजून कळलेलं नाही. पोरगी गिरणीत बसते, नियम अजून कमी करते. तो खेळ मला आजही फालतू वाटतो. चाचा रोज रस्त्यापलीकडून विचारतात, "गिरनीवाले, सदरा आनता का? बटन लावून देतो." मी नाही म्हणतो. ते बटण बुरुजाखाली आहे, आणि पहारेकऱ्याचा हिशेब मी अजून केलेला नाही.